रेशनची रांग

मराठीतला 'तक्रार' हा शब्द आम्हांला नेहमी थबकवतो. अरबीत त्याचा अर्थ पुन्हा पुन्हा करणे, एवढाच. उर्दूत येता येता त्याला वादावादीचा अर्थ चिकटला आणि मराठीत तो थेट गाऱ्हाणे होऊन बसला. 'हैराण' म्हणजे मुळात चकित. मराठीत हैराण झालेला माणूस मात्र पिळून निघालेला असतो. 'दिक्कत' म्हणजे अरबीत बारकाई आणि 'हरकत' म्हणजे हालचाल. आपल्या कचेऱ्यांत हरकत घेतली की सगळी हालचाल थांबते. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवायचे आणि त्याच शाळेचे कागद मराठीत लिहायचे, हे आमचे रोजचे काम असल्यामुळे हे शब्द दिवसातून दहादा हाताखालून जातात. इतर शब्दांचे काहीही होवो, तक्रारीचा अरबी अर्थ आम्हांला अधिक खरा वाटतो. रोजचा त्रास फार मोठा नसतो, पण तो पुन्हा पुन्हा होतो.

असा त्रास इतिहासात येत नाही. आपल्या समाजाचा इतिहास मराठीत लिहायला बसलो की आपण सल्तनती लिहितो, सूफी संत लिहितो, फाळणी आणि दंगली लिहितो. ते लिहिलेच पाहिजे. पण पाच लिटर घासलेटसाठी फजरच्या नमाजनंतर घरातून निघालेली आणि दुपारी रिकामा डबा घेऊन परतलेली बाई कोणत्या बखरीत सापडायची? तिचे अर्धे आयुष्य या रांगेत गेले. म्हणून या लेखात आम्ही रांगेचाच इतिहास थोडा चाळणार आहोत.

रांग सुरू झाली ती रंगून पडल्यामुळे. मार्च १९४२ मध्ये जपानी फौजा रंगूनमध्ये शिरल्या आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. मुंबईला आणि कोकणपट्टीला हा तांदूळ किती जवळचा होता, हे जहाजांवर नोकरी केलेल्या कोकणी मुसलमानांच्या घरात वेगळे सांगायला नको. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि सुमारे तीस लाख माणसे मेली, असा अंदाज केला जातो. मुंबईत १९४३ च्या मे महिन्यात रेशनिंग सुरू झाले. देशातल्या शहरांत मुंबई यात पुढे होती. त्याच वर्षी ग्रेगरी समितीने शिफारस केली, की लाखावर वस्ती असलेल्या शहरांत रेशनिंग आणावे आणि मोठ्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य मिळावे. पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. १९४६ मध्ये ते बारा औंसांवर, म्हणजे साधारण तीनशे चाळीस ग्रॅमवर आणले गेले. धान्याबरोबर कापड आणि सूत यांवरही १९४३ पासून नियंत्रण होते. मालेगाव-भिवंडीच्या मोमीन घरांना पोटाची आणि मागाची अशा दोन्ही चिंता एकाच वेळी लागल्या.

ही व्यवस्था लढाईपुरती होती. लढाई संपली तरी ती गेली नाही. गांधीजींच्या आग्रहामुळे डिसेंबर १९४७ मध्ये नियंत्रणे उठवायला सुरुवात झाली, भाव भडकले आणि १९४८ च्या सप्टेंबरात नियंत्रणे परत आली. खऱ्या अर्थाने ती उठवली रफी अहमद किडवाई यांनी. १९५२ मध्ये ते अन्नमंत्री झाले आणि १९५४ पर्यंत त्यांनी एकेक बंधन काढून टाकले. आपल्याकडे किडवाईंचे नाव आता कोणाला आठवत नाही. आठवले तर एखाद्या रस्त्याच्या पाटीमुळे. त्यांच्या कौतुकात एक गोष्ट लपवू नये: त्या काळात पावसानेही साथ दिली. पण पिके चांगली आली तरी फाइल दाबून बसणारे मंत्री असतातच. किडवाईंनी धान्याला आणि माणसांना मोकळे केले. २४ ऑक्टोबर १९५४ रोजी ते वारले. पुढच्या वर्षी जीवनावश्यक वस्तू कायदा आला, १९५६ मध्ये अमेरिकेशी पीएल-४८० चा करार झाला आणि तो गहू उतरवून घेता घेता दुकानापुढे पुन्हा रांग लागली. या वेळी ती कायमची लागली. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्री एक वेळ न जेवण्याचे आवाहन केले, तेव्हा ते लोकांनी मनावर घेतले. रमजानचे तीस रोजे ठेवणाऱ्यांना एका सोमवारचे काय अवघड होते, असे आमच्याकडची बुजुर्ग मंडळी हसत सांगत.

१९७२ च्या दुष्काळाबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. खडी फोडण्याची कामे, सुकडी, परदेशातून आलेली ती लाल मिलो. मिलोची भाकरी थापता थापता फुटायची, हे सांगणारी बाई आजही प्रत्येक मोहल्ल्यात सापडेल. त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने बायकांना रस्त्यावर आणले. बायकांनी लाटणी हातात घेतली, थाळ्या वाजवल्या. आम्हांला या चळवळीचे महत्त्व वाटते ते वेगळ्या कारणाने. रांगेत बायका वर्षानुवर्षे उभ्या होत्या, पण तोवर त्या एकेकट्या उभ्या होत्या. 'रॉकेल का नाही' हा प्रश्न दुकानदाराला विचारण्याऐवजी मंत्र्याला विचारायचा असतो, हे त्यांना तिथे कळले. मुसलमान बायकांनी त्यात किती भाग घेतला, याच्या नोंदी कोणी गोळा केल्या असत्या तर बरे झाले असते.

आता प्रत्यक्ष रांगेकडे येऊ. सरकारी पाटीवर 'रास्त भाव दुकान' असे असते. 'रास्त' हा फारसी शब्द, सरळ, बरोबर या अर्थाचा. रांगेला उर्दूत 'कतार' म्हणतात आणि मूळ अरबीत तो उंटांच्या माळेसाठीचा शब्द आहे. रास्त भावाच्या दुकानासमोरची कतार मात्र सरळ कधीच नव्हती. ती गटारावरून वळायची, शेजारच्या न्हाव्याच्या दुकानापुढून जायची आणि तिच्यात माणसे कमी आणि डबे जास्त असायचे. घासलेटचा दिवस कळला की रात्रीच कोणीतरी दगड, फुटकी बादली, पत्र्याचा डबा ठेवून नंबर लावायचे. डब्याचा मान राखला जाई. हा दगड अमक्या काकूंचा, ही बादली खालाजानची, हे सगळ्यांना पाठ असे. गल्लीत तणाव असला तरी दगडांची अदलाबदल झालेली आम्ही ऐकली नाही. भांडणे व्हायची ती मध्येच घुसणाऱ्यावरून, आणि ती जातधर्म न पाहता व्हायची.

त्रासाचे तपशील बारीक होते. सुटे पैसे नाहीत. साखर आली तर गहू नाही, गहू आला तर पावती-पुस्तक संपलेले. तांदूळ आणल्यावर तो सुपात घेऊन खडे वेचण्यात आणखी एक दुपार जायची. मापात पाप होतेच. तराजूच्या पारड्याखाली काय चिकटवले आहे, ते वाकून पाहायची हिंमत एखाद्याच बाईची. ईद जवळ आली की शीरखुर्म्यासाठी साखरेचा हिशेब सुरू व्हायचा आणि शेजारणीकडून तिचा वाटा उसना घेतला जायचा. तिचा सण आला की तो परत जायचा. आणि मुले. रांगेत आईच्या जागी उभे राहायला मूल लागे. आमच्यासारख्या नव्वदच्या दशकात शाळेत गेलेल्यांना हे आठवत असेल, की रॉकेलच्या दिवशी वर्गाचा एक कोपरा मोकळा असायचा. मुलींच्या बाजूचा जास्त. उर्दू शाळांतल्या मुलींच्या गळतीची कारणे सांगताना लग्न, पडदा, गरिबी ही तीन नेहमी सांगितली जातात. त्यांत घासलेटचा डबा कोणी धरत नाही. आमच्या मते तो धरायला हवा.

रॉकेल दुकानात का पोचत नव्हते, याचे उत्तर सगळ्यांना ठाऊक होते. रेशनचे रॉकेल ओळखू यावे म्हणून निळे रंगवले जाई, तरी ते डिझेल-पेट्रोलमध्ये मिसळले जात होते. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ भेसळ पकडताना २५ जानेवारी २०११ रोजी जिवंत जाळण्यात आले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. त्या बातमीने देश हादरला. मालेगावच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांना मात्र त्यात एक जुना हिशेब लागला असणार: आपल्या डब्यातले रॉकेल कुठे जात होते आणि ते किती पैशांचे होते.

एव्हाना रांगेचे रूप बदलत होते. जून १९९७ पासून रेशन सर्वांसाठी न राहता दारिद्र्यरेषा पाहून मिळू लागले. महाराष्ट्राने १ मे १९९९ पासून तीन रंगांची कार्डे आणली: वर्षाला पंधरा हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळे, एक लाखापर्यंत केशरी, त्यापुढे पांढरे. महिन्याला साडेबाराशे रुपयांत घर चालवणाऱ्यालाच गरीब म्हणायचे, असा त्याचा अर्थ. दिवसाच्या मजुरीवर माग चालवणारा माणूस त्या रेषेच्या किंचित वर निघाला आणि केशरी झाला. घरात सिलिंडर आला की कार्डावर गॅसचा शिक्का बसायचा आणि रॉकेल बंद. आखातात गेलेल्या माणसाच्या घरचे कार्ड त्याच्याच नावावर असे. सही त्याची हवी, तो दम्मामला. अर्ज परत.

आणि खरी अडचण नावाची. धान्य नको असलेल्यालाही कार्ड लागू लागले, कारण शाळेत, बँकेत, वीज मीटरला, मतदार यादीला तेच दाखवायचे. आणि कार्डावरचे नाव दुकानदाराच्या पोराने किंवा कारकुनाने कानाला आले तसे लिहिलेले. उर्दूत वहीद आणि वाहिद ही दोन वेगळी नावे आहेत, हमीद आणि हामिद वेगळी आहेत, सबीहा आणि सबा वेगळ्या आहेत. देवनागरीत काना-वेलांटी इकडची तिकडे झाली की माणूसच बदलतो. अब्दुर्रहमान हे एक नाव. अर्जाच्या चौकटीत ते अब्दुल हे नाव, रहेमान हे वडिलांचे, आणि आडनाव कोरे असे पसरते. अब्दुल म्हणजे 'चा बंदा'. कोणाचा, ते पुढच्या शब्दात असते. तो शब्द तोडून वडिलांच्या रकान्यात टाकला की काय उरते, हे वाचकांनीच पाहावे. बाईच्या नावापुढचे बी, बानो, बेगम, खातून हे कधी नावात जातात, कधी गळतात. एकाच आईची चार कागदांवर चार नावे आम्ही शाळेच्या जनरल रजिस्टरवर काम करताना पाहिली आहेत. पूर्वी ही कटकट होती, हसण्यावारी नेता येत होती. नागरिकत्वाच्या कागदांची चर्चा २०१९ मध्ये सुरू झाल्यावर हसणे बंद झाले. त्या हिवाळ्यात शाळेच्या दाखल्यासाठी येणाऱ्या पालकांची जी रांग लागली, तशी आम्ही पूर्वी पाहिली नव्हती.

गंमत अशी, की रेशन कार्ड ओळखीचा किंवा रहिवासाचा पुरावा म्हणून वापरायचे नाही, असे केंद्र सरकारच्या २०१५ च्या आदेशातच म्हटलेले आहे. हे वाक्य खिडकीपलीकडच्या साहेबांना माहीत नसते, आणि अलीकडच्यांना माहीत असून उपयोग नसतो.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला. महाराष्ट्रात तो फेब्रुवारी २०१४ पासून आला, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. याच कायद्यात एक तरतूद आहे जिच्याबद्दल आपल्या मोहल्ल्यांत फारसे बोलले जात नाही: घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई ही कार्डापुरती कुटुंबप्रमुख. सत्तर वर्षे उभी राहिल्यावर तिचे नाव पहिल्या ओळीत आले. मागोमाग अंगठ्याचे यंत्रही आले. विड्या वळून, धुणी धुऊन, माग चालवून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचा अंगठा यंत्र ओळखत नाही. मग पदराला बोट पुसायचे, पुन्हा ठेवायचे, पुन्हा पुसायचे. तक्रारीचा अरबी अर्थ इथे अक्षरशः लागू पडतो. आता ई-केवायसी आहे, तिची मुदत वाढत राहते आणि आधारवरचे नाव कार्डावरच्या नावाशी जुळत नाही.

शाळेत दाखला मागायला येणाऱ्या आया हल्ली जुनी रद्द झालेली कार्डेही बरोबर आणतात. प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर. पहिल्या पानावरचे नाव कामाचे म्हणून ते दाखवतात. आम्ही मात्र मागची पाने उलटतो. तिथे महिन्यांचे चौकोन असतात: गहू, तांदूळ, साखर, रॉकेल. प्रत्येकात किलो, लिटर, दुकानदाराची तिरकी सही. मध्ये मध्ये काही चौकोन रिकामे आहेत. त्या महिन्यात माल आला नव्हता, की पैसे नव्हते, की ती रांगेत उभी राहूनही नंबर लागला नव्हता, ते त्या पानावर लिहिलेले नाही.