सिद्धगडची माची

मुरबाड तालुक्यातला सिद्धगड म्हणजे डोंगरातलं बेटच. खाली कडे, वर बालेकिल्ला, भोवती भीमाशंकरच्या अभयारण्याचं रान. मधल्या माचीवर नारमाता देवीचं देऊळ आहे. मोजक्या घरांचं गावही तिथे नांदलं. मीठ-मिरची आणायची तरी गड उतरायचा!

याच रानाच्या आसऱ्याला आझाद दस्ता होता. मुंबईला वीज नेणारे मनोरे त्यांनी पाडले. २ जानेवारी १९४३ ला पहाटे पोलिसांनी त्यांना गाठलं. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दरवर्षी त्या दिवशी इथे माणसं जमतात, भाषणं होतात (लांबतातच). वर्गात मीही ही दोनच नावं सांगत आलो. ज्या वाड्यांनी दस्त्याला भाकरी दिली, तिथे तेव्हा विजेचा दिवा कुणी पाहिलेला नव्हता. त्या माणसांची नावं मी कधी विचारलीच नाहीत.