क्रॉसबो : धनुष्य कीं बंदूक?

आजच्या भाषणाचा विषय प्रथमदर्शनीं निव्वळ शब्दच्छलाचा वाटेल. परंतु अमेरिकेंतील शिकाऱ्यांमध्यें या एका शब्दावरून गेलीं कित्येक दशकें वाद चालत आला आहे. १९३४ सालीं तेथील विस्कॉन्सिन राज्यानें केवळ धनुर्धाऱ्यांसाठीं हरणांच्या शिकारीचा स्वतंत्र मोसम ठेवला. धनुष्यानें शिकार करणाऱ्यास जनावराच्या अगदीं जवळ जावें लागतें आणि पुष्कळदां रिकाम्या हातीं परतावें लागतें. म्हणून पुढें अनेक राज्यांनीं त्यास बंदूकवाल्याहून अधिक दिवस दिले. या दिवसांत क्रॉसबो घेऊन येणाऱ्यास प्रवेश द्यावा काय, हा आपला प्रश्न.

क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारख्या दस्त्यावर आडवें बसविलेलें धनुष्य. दोरी एकदां ओढून खटक्यांत अडकविली कीं ती तशीच राहते. मग स्वस्थपणें नेम धरून चाप दाबावयाचा. साध्या धनुष्यांत मात्र ओढलेल्या दोरीचा सारा भार नेम धरतांना शिकाऱ्याच्या हातावर असतो. बाण दोन्हींतून दोरीच्याच जोरानें सुटतो. पण एकांत ताण माणूस धरतो, दुसऱ्यांत यंत्र.

इतिहासास विचारावें तर तो दोन्ही बाजूंनीं साक्ष देतो. ११३९ सालीं रोम येथें भरलेल्या धर्मपरिषदेनें ख्रिस्ती लोकांविरुद्ध क्रॉसबो व धनुष्य या दोहोंच्याही वापरास एकाच वाक्यांत मनाई केली. उलट, इंग्लंडांत आठव्या हेन्रीच्या १५४१ च्या कायद्यानें क्रॉसबोला हातबंदुकीच्या पंक्तीस बसविलें व वर्षास १०० पौंडांहून कमी उत्पन्न असणाऱ्यास तीं दोन्ही बाळगण्याची बंदी केली. आणि त्याच राजवटींत सामान्य प्रजेनें लांब धनुष्याचा सराव करावा अशी सक्ती होती. सुलभ शस्त्र हातीं आलें तर वर्षानुवर्षांच्या सरावानें येणारी विद्या कोण शिकेल, ही राज्यकर्त्यांची चिंता होती. हत्यार तेंच, वर्ग मात्र कायद्याच्या हेतूप्रमाणें बदलला.

सुलभतेनें जबाबदारी कमी होत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें. १६२१ सालीं कँटरबरीचे आर्चबिशप जॉर्ज ॲबट यांनीं ब्रॅम्सहिल येथें क्रॉसबोनें हरणावर नेम धरला. बाण रखवालदारास लागला व तो बिचारा प्राणास मुकला.

कोणी म्हणेल, मग यंत्र नको असा नियम करा. पण तोही टिकत नाहीं. हॉलेस विल्बर ॲलन या अमेरिकन गृहस्थानें १९६६ सालीं चाकें बसविलेल्या धनुष्याच्या पेटंटसाठीं अर्ज केला. १९६९ सालीं तें मिळालें. त्यांत दोरी पुरती ओढली कीं हातावरचा भार बराच उतरतो. हें धनुष्य शिकाऱ्यांनीं आपलें म्हटलें. मग क्रॉसबोवरच रोष कां?

मला वाटतें, रोषास थोडा आधार आहे. भार हलका झाला तरी तो हातानें धरावा लागतो व हरणाच्या डोळ्यांदेखत दोरी ओढावी लागते. सुंदर हस्ताक्षराच्या स्पर्धेंत विद्यार्थ्यानें टंकलेखनयंत्र आणलें तर अक्षरें सुबक येतील, पण तें हस्ताक्षर नव्हे. मात्र ज्याचा हात अधू आहे त्यास लिहूंच देऊं नये, असें कोणता शिक्षक म्हणेल? विस्कॉन्सिननेंही प्रथम अपंगांस व ६५ वर्षांवरील वृद्धांस क्रॉसबोची मुभा दिली आणि २०१४ पासून सर्वांसाठीं त्याचा निराळा परवाना व निराळा मोसम केला. दिवस मात्र बहुतांशीं धनुष्याचेच ठेवले.

मीही त्या वयाच्या उंबरठ्यावर आहें. खांद्याची शक्ति ओसरणें म्हणजे काय हें जाणतों. थरथरत्या हातानें सोडलेला बाण हरणास मारीत नाहीं, नुसतें घायाळ करतो, हेंही विसरतां येत नाहीं. म्हणून माझा कौल असा : क्रॉसबोस धनुष्य म्हणूं नये, त्याचें नांव व त्याची नोंद वेगळी असावी, पण ज्याच्या हातांत बळ उरलें नाहीं त्यास रानाची वाट बंद करूं नये. नांव खरें असावें आणि नियम दयाळू असावा, एवढें साधलें म्हणजे वादाचें सार्थक झालें.