दान पडेल तसं

मागच्या रविवारी विरारला आमच्या हॉलमध्ये भांडण झालं. विषय काय, तर फासे!

आम्ही ऑफिसमधले चार जण महिन्यातून एकदा डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एक जण गोष्ट पुढे नेतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, आणि वार लागला की हुकला ते फासे ठरवतात.) प्रत्येक पात्राला ताकद, चपळाई, बुद्धी वगैरे सहा आकडे असतात. ते फासे टाकून घ्यायचे की ठरावीक पॉइंट्स मर्जीने वाटून घ्यायचे, यावरून वाद. मागच्या खेळात एकाला 18 आणि 17 पडले, आणि माझ्या एका मित्राचा सगळ्यात मोठा आकडा 12. आठ महिने बिचारा मागे उभा राहून कंदील धरत होता. आता तो म्हणतो, "फासे असतील तर मी येत नाही."

म्हणून जरा इतिहास खणला.

1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ काढला, तेव्हा प्रत्येक आकड्यासाठी तीन फासे टाकायचे. तेही खेळाडूने नाही, पंचाने! आकडे बघून मग ठरवायचं, लढवय्या व्हायचं की जादूगार. हे अन्यायाचं वाटतं, पण त्या पुस्तकात ताकद 18 असली तरी तलवारीचा वार जोरात बसत नसे. लढवय्याला अनुभवाचे गुण 10 टक्के जास्त मिळत, एवढंच. पात्रं पटापट मरायची आणि नवीन पात्र पाच मिनिटांत तयार.

गंमत पुढच्याच वर्षी झाली. 1975 च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत ताकदीनुसार वाराची अचूकता आणि जोर बदलू लागला. पॅलाडिन नावाचा धर्मयोद्धा आला, त्याला प्रभावाचा आकडा किमान 17 हवा. तीन फाशांत 17 किंवा 18 पडायची शक्यता किती? 216 मध्ये 4, म्हणजे 54 मध्ये एकदा. आकड्याला किंमत आली आणि फासे बोचायला लागले. 1979 च्या पुस्तकात गायगॅक्सनेच पळवाट दिली: चार फासे टाका, सगळ्यात लहान सोडून द्या. सरासरी साडेदहावरून बारावर गेली.

काहींनी तर फासेच काढून टाकले. स्टीव्ह जॅक्सनच्या 1977 च्या 'मेली'मध्ये ताकद 8, चपळाई 8, आणि वरचे 8 तुम्ही वाटा. त्याच वर्षीच्या 'ट्रॅव्हलर'चं दुसरं टोक: तिथे पात्र तयार होता होताच मरू शकायचं :) जॅक्सनच्याच 1986 च्या 'गर्प्स'मध्ये एक डोळा गमावलात तर बदल्यात पॉइंट्स मिळतात. आणि 2014 च्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये वाटायला 27 पॉइंट्स आहेत, पण फासेही ठेवलेत.

मला विचाराल तर मी फाशांच्या बाजूचा. पॉइंट्स दिले की आम्ही इंजिनिअर लोक एक्सेल उघडतो आणि चौघांचे लढवय्ये डिट्टो सारखे निघतात.

मित्राला म्हटलं, अरे, तुझं बोळिंजचं म्हाडाचं घर सोडतीतच लागलं ना? तिथेच नंतर घरं उरली तेव्हा लोकांनी 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य'मध्ये घेतली. तेव्हा नाही तू रुसलास. तो म्हणाला, "शेजाऱ्याचा फ्लॅट चांगला असला तरी तो रविवारी माझ्यासमोर चार तास तलवार फिरवत नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग आजीचा सारीपाट आठवला. मोक्षपटात कवड्या नेतील तिकडे जायचं, शिडी नाहीतर साप. सारीपाटात दान हातात नसतं, पण कुठली सोंगटी पुढे काढायची ते आपलं आपण ठरवतो. तर या वेळी तोडगा असा: दान एकच, सगळ्यांसाठी. सहा वेळा फासे टाकायचे, तेच सहा आकडे चौघांनी घ्यायचे, कुठे लावायचे ते ज्याचं त्याने बघायचं.

फासे मित्राच्या हातात दिले. पडले 15, 14, 13, 11, 9 आणि 6. तो 6 कुठे टाकायचा यावर आता व्हॉट्सॅपवर चार दिवस चर्चा चालू आहे.