पडणे आणि पाडणे

सोलापूर : श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी १५ जून २०२३ रोजी जमीनदोस्त करण्यात आली. विमानसेवेतील अडथळा म्हणून झालेली ही कारवाई ‘चिमणी पडली’ असेही सांगता येते आणि ‘चिमणी पाडली’ असेही. फरक केवळ एका कान्याचा. पण पहिल्या वाक्यात कर्ता चिमणीच असते, तर दुसऱ्यात पाडणारा गृहीत असतो. त्याचे नाव न घेताही जबाबदारी सूचित होते.

‘पडणे’ हे क्रियापद संस्कृत ‘पत्’ धातूपासून प्राकृतमार्गे मराठीत आले. पतन, प्रपात, अधःपात हे शब्द त्याच धातूचे. संस्कृतात ‘पतति’चा अर्थ ‘पडतो’ तसाच ‘उडतो’ असाही होतो. लॅटिनमधील ‘पेन्ना’ म्हणजे पीस हा शब्द याच कुळातील.

पडण्यासाठी मात्र लॅटिनने ‘कादेरे’ हे क्रियापद योजले. इंग्रजीतून मराठीत रुळलेले ‘ॲक्सिडेंट’, ‘चान्स’ आणि न्यायालयातील ‘केस’ हे शब्द मुळात त्याचेच वंशज होत. जे अंगावर येऊन पडते ते प्रकरण, ही त्यामागील कल्पना. मराठीतील ‘पदरी पडणे’ हा वाक्प्रचारही याच जातीचा. ‘काएदेरे’ म्हणजे तोडणे, कापणे. हा शब्द कानाला ‘कादेरे’च्या जवळचा वाटला, तरी सामान्यतः अभ्यासक त्याला वेगळ्या मुळाचा मानतात. ‘पाडणे’ मात्र ‘पडणे’चेच प्रयोजक रूप आहे.

लॅटिनप्रमाणेच मराठीतही पडण्याच्या छटा अनेक आहेत. सरकून पडण्यास लॅटिनमध्ये ‘लाबी’, तर वेगाने कोसळण्यास ‘रुएरे’ म्हणतात. मराठीत पाने गळतात, फुले झडतात, बुरूज ढासळतो, जमीन खचते, पाय घसरतो आणि भाव कोसळतात.

सोलापूरकरांच्या अनुभवात मात्र साधे ‘पडणे’च अधिक खोल रुतलेले आहे. पाऊस पडला नाही की दुष्काळ पडतो, आणि गिरण्यांच्या या शहराने ‘बंद पडणे’ही जवळून पाहिले. ‘गिरणी बंद पडली’ असे म्हटले, की ती आपोआप थांबल्यासारखी वाटते; ‘बंद पाडली’ म्हणताच कोणी, हा प्रश्न उभा राहतो. व्याकरणातील हा एक काना म्हणूनच जपून वापरावा लागतो.