सात सेकंदांआधीचे अठरा तास

ड्रॅग रेसिंगमध्ये दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि पाव मैलाचा, म्हणजे ४०२ मीटरचा सरळ ट्रॅक एका दमात कापतात. यातल्या अनेक गाड्या पेट्रोलऐवजी मिथेनॉलवर, म्हणजे अल्कोहोलवर धावतात. असं एखादं इंजिन फुटतं तेव्हा प्रेक्षकांना दिसतात ते शेवटचे दोन सेकंद. कारणं मात्र कितीतरी आधीपासून ऑइलमध्ये साठत आलेली असतात. पुढचा घटनाक्रम कोणा एका गाडीच्या अपघाताचा अहवाल नाही. अमेरिकेतल्या हौशी शर्यतींत उतरते तशी एक नमुन्याची गाडी घेतली आहे: ८.८ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, त्यावर सुपरचार्जर. अशा इंजिनाचं बेअरिंग कसं जातं, ते तासातासाने मांडलं आहे.

शनिवार, रात्री ९ : १८ तास आधी

गॅरेजमध्ये उद्याच्या शर्यतीसाठी ऑइल भरलं जातं. मालकाने दुकानातून रोजच्या मोटारीत वापरतात ते महागडं सिंथेटिक ५डब्ल्यू-३० आणलं आहे. ऑइल उत्तम दर्जाचं आहे, पण या इंजिनासाठी नाही.

रस्त्यावरच्या मोटारीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तो खराब होऊ नये म्हणून अशा ऑइलमध्ये फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा घातलेली असते. फॉस्फरस येतो झिंकच्या संयुगातून, आणि धातूला धातू घासायची वेळ येते तेव्हा कॅम आणि टॅपेट वाचवतं ते हेच संयुग. रेसिंगच्या ऑइलमध्ये त्याचं प्रमाण बरंच जास्त ठेवतात. शिवाय मोटारीच्या ऑइलमध्ये डिटर्जंट आणि डिस्पर्संट भरपूर असतात. त्यांचं काम घाण तरंगती ठेवणं, त्यामुळे पाणी शिरलं तर तेही सुटं न होता ऑइलमध्येच अडकून राहतं.

तिसरी गोष्ट दाटपणाची. १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स असतो, ५० ग्रेडचा १६.३ ते २१.९. हे इंजिन बांधणाऱ्याने बेअरिंगमधली फट ०.०७ मिलिमीटरच्या आसपास ठेवली आहे, ती ५० ग्रेड मनात धरून. मिथेनॉल मिसळून ऑइल पातळ होणार हे गृहीत धरूनच मुळात दाट ग्रेड निवडायची असते.

जुन्या काळी यावर एरंडेल तेलाचा उपाय होता. आपल्या घरातलं एरंडेल अल्कोहोलमध्ये विरघळतं, त्यामुळे दोन्ही वेगळी होत नाहीत आणि धातूवरचा थर टिकतो. कॅस्ट्रॉल हे नावही कॅस्टरवरूनच, म्हणजे एरंडीवरूनच आलं. पण एरंडेल तापलं की चिकट राळ धरतं आणि इंजिन वारंवार उघडून साफ करावं लागतं, म्हणून ते मागे पडलं.

रविवार, सकाळी ७ : ८ तास आधी

हवा गार आहे. मिथेनॉल ११ अंशांखाली पेट घ्यायला कुरकुरतं, म्हणून इंजिनाच्या तोंडात पेट्रोलची पिचकारी मारून ते चालू करतात. पिटमध्ये उभ्या माणसांच्या डोळ्यांतून पाणी येतं, कारण थंड इंजिनाच्या धुरात फॉर्मल्डिहाइड असतं.

ऑइल गरम केलेलं नाही. अनुभवी संघ सम्पला, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याला, हीटर लावून आधी ऑइल तापवतात आणि मगच इंजिन फिरवतात. इथे तो अर्धा तास वाचवला. गेजवर प्रेशर भरपूर दिसतं आणि सगळे निश्चिंत होतात. गारठलेलं ऑइल दाट असतं, म्हणून काटा वर जातो. ऑइल चांगलं असल्याचा तो पुरावा नव्हे.

सकाळी ९.३० : साडेपाच तास आधी

पहिली धाव झाली, सात सेकंदांची, काही बिघाड नाही. पण सिलिंडरमध्ये काय घडलं ते पाहायला हवं. पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला हवेचे १४.७ भाग लागतात, मिथेनॉलला जेमतेम साडेसहा. म्हणजे तेवढ्याच हवेत दुपटीहून जास्त इंधन ओतावं लागतं, आणि शर्यतीत त्याहूनही थोडं जास्तच ओततात. बाष्प होताना मिथेनॉल पेट्रोलच्या तिप्पट उष्णता शोषतं. इंजिन थंड राहतं आणि जास्त दाब सोसतं. शर्यतीत त्याला मान आहे तो यामुळेच.

दुखणंही तिथेच आहे. न जळलेलं इंधन सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि रिंगांच्या कडेने खाली सम्पमध्ये उतरतं. जळण्यातून पाण्याची वाफही तयार होते आणि तीही काही प्रमाणात खाली येते. मिथेनॉल ६४.७ अंशांवर उकळतं, त्यामुळे ऑइल नीट तापलं असतं तर ते उडून गेलं असतं. लांब पल्ल्याच्या शर्यतीत तसं होतंही. ड्रॅगच्या गाडीचं इंजिन एका फेरीत काही मिनिटंच चालतं. आत आलेलं मिथेनॉल आणि पाणी आतच राहतं.

सकाळी ११.१५ : पावणेचार तास आधी

दुसरी धाव. त्याआधी गाडी रांगेत बराच वेळ चालू ठेवली होती. मिथेनॉलची मेकॅनिकल फ्यूएल इंजेक्शन संथ चालीवर गरजेपेक्षा जास्त इंधन सोडते. सम्पमध्ये सर्वांत जास्त मिथेनॉल जातं ते अशा वेळी, ट्रॅकवर धावताना नव्हे.

दुपारी १२.३० : अडीच तास आधी

व्हॉल्व्हची फट तपासण्यासाठी व्हॉल्व्ह कव्हर उघडलं जातं. आतल्या बाजूला पांढरट, ताकासारखा थर धरला आहे. डिपस्टिकवरचं ऑइल फिकट झालं आहे आणि नाकाशी नेलं तर स्पिरिटसारखा वास येतो.

या वेळी करायची साधी चाचणी आहे. लोखंडी तवी दीडशे अंशांच्या वर तापवायची आणि ऑइलचा एक थेंब टाकायचा. ऑइल कोरडं असेल तर ते शांत पसरतं, पाणी असेल तर तडतडतं. दुसरी तपासणी फिल्टरची. तो कापून आतली घडीची जाळी उलगडायची आणि उजेडात धरायची. राखाडी चकाकी दिसली तर बेअरिंगचा वरचा मऊ थर सुटू लागला आहे. तांबूस कण दिसले तर तो थर संपून खालचं तांबं उघडं पडलं आहे.

आज दोन्ही तपासण्या होत नाहीत. कापडाने कव्हर पुसून परत बसवलं जातं. ऑइल बदलायला अर्धा तास लागला असता, आणि तेवढा वेळ हातात होता.

दुपारी २ : १ तास आधी

तिसरी धावही जिंकली. गेजवर सकाळपेक्षा प्रेशर कमी आहे. जुना ठोकताळा असा, की दर हजार आरपीएमला दहा पीएसआय. साडेसात हजारांना ७५ हवं, दिसलं ६०. चालकाने ते सांगितलंही. ऊन वाढलंय, ऑइल तापलंय, असं उत्तर मिळालं. खरं तर तेव्हाच थांबायला हवं होतं.

दुपारी २.५० : १० मिनिटं आधी

गाडी पुन्हा रांगेत, इंजिन पुन्हा संथ चालीवर. सम्पमध्ये पातळ झालेलं मिश्रण आहे. त्याचा थर भार सोसायला पुरत नाही आणि बेअरिंगच्या फटीतून ते लवकर निसटतं. पाण्यामुळे झिंकचं संयुगही निकामी होत चाललं आहे.

दुपारी ३.०० : शून्य

हिरवा दिवा लागतो. गाडी उसळी घेते आणि सम्पमधलं ऑइल मागच्या भिंतीवर चढतं.

दुसरा सेकंद. पंपात फेस ओढला जातो, प्रेशर हेलकावतं.

चौथा सेकंद. साडेसात हजार आरपीएमला प्रत्येक पिस्टन सेकंदात १२५ वेळा खालीवर होतो. एका रॉड बेअरिंगमधला ऑइलचा थर तुटतो आणि धातू धातूला घासतो.

पाचवा सेकंद. बेअरिंगचं कवच वितळून क्रँकला चिकटतं आणि त्याच्याबरोबर फिरू लागतं. ऑइल येण्याचं भोक बंद होतं.

सहावा सेकंद. कनेक्टिंग रॉड तुटतो आणि ब्लॉक फोडून बाहेर पडतो. ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर आणि मागच्या टायरखाली सांडतं. गाडीचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे.

सातवा सेकंद. चालक इंधन बंद करतो आणि पॅराशूट सोडतो. गाडी आडवी होत भिंतीला घासते आणि शेवटी थांबते.

दुपारी ३.०१ : नंतर

ऑइलची आग पिवळी आणि धुराची, ती दिसते. मिथेनॉलची ज्वाळा भर उन्हात दिसतच नाही, म्हणून बचाव पथक आग दिसण्याची वाट न पाहता पाण्याचा मारा सुरू करतं. मिथेनॉल पाण्यात मिसळतं, त्यामुळे पाण्याने ती विझतेही. अग्निरोधक सूट आणि पट्ट्यांमुळे चालक स्वतःच्या पायांनी बाहेर येतो. ट्रॅकवर सांडलेलं ऑइल पुसून काढेपर्यंत शर्यत थांबते, कारण तो डाग पुढच्या गाडीच्या चालकाचा जीव घेऊ शकतो.

संध्याकाळी ७ : ४ तास नंतर

इंजिन उघडलं जातं. फुटलेल्या बेअरिंगच्या शेजारची बेअरिंगंही खरवडलेली आहेत, कॅमवर झीज आहे, सम्पच्या तळाशी पांढरट मिश्रण साचलं आहे. रॉड सदोष नव्हता. त्याला ऑइल मिळालं नाही, म्हणून तो तुटला.

अल्कोहोलवरच्या गाडीचं ऑइल निवडताना किमतीपेक्षा आणि जाहिरातीपेक्षा एक प्रश्न मोठा आहे: त्यात मिथेनॉल आणि पाणी मिसळल्यावर ते किती टिकेल? ग्रेड बेअरिंगच्या फटीनुसार आणि होणारा पातळपणा धरून घ्या, बहुतेकदा ५० किंवा त्याहून दाट. झिंक भरपूर आणि डिटर्जंट कमी असलेलं, अल्कोहोल इंजिनासाठीच बनवलेलं ऑइल घ्या. सुरू करण्याआधी ते तापवा आणि संथ चालीवर इंजिन विनाकारण ठेवू नका. या ऑइलचं आयुष्य किलोमीटरवर मोजता येत नाही. ते धावांवर मोजायचं. सुपरचार्जरवाले कसलेले संघ दर एक-दोन धावांनंतर ऑइल बदलतात. रंग फिकट दिसला किंवा प्रेशर उतरलं, तर पुढच्या फेरीतलं नाव मागे घ्या. शर्यत पुढच्या रविवारीही असते, आणि गाडीत माणूस बसलेला असतो.