जव्हारची बैलाच्या कातड्याची दंतकथा

पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा डोंगरपट्ट्याशी निगडित, जव्हार संस्थानाच्या स्थापनेविषयीची दंतकथा. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये ती नोंदलेली आहे.

कथा : मुकणे या कोळी राजघराण्याचा मूळपुरुष पौपेरा ऊर्फ जयाबा याची थळ घाटाजवळ मुकणे येथे लहानशी मातीची गढी होती. पिंपरीच्या देवस्थानी पाच गोसाव्यांनी त्याला जव्हारचा राजा म्हणून आशीर्वाद दिला. पेठ, धरमपूर, सुरत आणि काठेवाड फिरून परतल्यावर त्याने जव्हारच्या वारली नायकाकडे बैलाच्या कातड्याएवढी जमीन मागितली. नायकाने होकार देताच त्याने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या आणि त्यांनी नायकाचा मुलूखच वेढला. नायकाला गंभीरगड व भोवतालचा मुलूख देण्यात आला.

परंपरेनुसार जयाबाच्या मुलाला दिल्लीच्या सुलतानाने ५ जून १३४३ रोजी राजा म्हणून मान्यता दिली. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

तुलना : कार्थेज वसवणारी राणी डिडो आणि इंग्लंडमधील सॅक्सन सरदार हेंगिस्ट यांच्याविषयी हीच युक्ती सांगितली जाते. स्टिथ टॉम्सन या अमेरिकन अभ्यासकाच्या लोककथा-कल्पनाबंधांच्या सूचीत तिला स्वतंत्र स्थान आहे.

मूल्यमापन : कातड्याचा प्रसंग इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. मात्र मुकण्यांच्या आधी ही भूमी वारल्यांची होती, ही आठवण राजघराण्याच्या कथेनेच जपली आहे. हेच तिचे मोठे मोल होय.