अरण्यांतील प्रणय आणि इतिहासाचें ऋण

मनुष्य नव्या भूमीवर पाऊल ठेवतो तेव्हां प्रथम मोजणीची सांखळी नेतो, मग कायदा नेतो, आणि सर्वांच्या मागून कादंबरी नेतो. सांखळीनें भूमीच्या सीमा ठरतात, कायद्यानें मालकी ठरते. परंतु ती भूमि आपली आहे ही भावना मनांत रुजविण्याचें काम कादंबरीच करते. ह्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे ज्या पुस्तकांस आम्ही शिक्षक लोक फावल्या वेळचें वाचन म्हणून बाजूस सारतों, तीं इतिहासाच्या अभ्यासकास फार उपयोगाचीं आहेत असें दिसून येईल. प्रस्तुत लेखांत अशा एका कादंबरीप्रकाराचा विचार करून, त्याच्याच कुळांतील जी एक कथा आमच्या खानदेशच्या वेशीवर घडली, तिच्याकडे वाचकांचें लक्ष वेधण्याचा आमचा हेतु आहे.

तो प्रकार म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागांत घडणाऱ्या प्रणयकादंबऱ्यांचा. किनाऱ्यावरील शहरें मागें टाकून आंत गेलें म्हणजे जो तांबड्या मातीचा, विरळ वस्तीचा आणि अवर्षणाचा प्रचंड मुलूख लागतो, त्यास तिकडे 'आउटबॅक' म्हणतात. तेथें 'स्टेशन' म्हणजे आगगाडीचें ठाणें नव्हे. गुरें किंवा मेंढ्या पाळण्याचें अवाढव्य कुरण असा त्या शब्दाचा अर्थ आहे. क्वीन्सलंडांत जन्मलेल्या रोझा प्रेड ह्या बाईंनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या वाचकांपुढें ह्या मुलखांतील प्रणय मांडला. १९०८ सालीं लंडनांत स्थापन झालेल्या मिल्स अँड बून ह्या प्रकाशनसंस्थेनें पुढें प्रणयकथांचा जणूं कारखानाच काढला. आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ल्यूसी वॉकर, मार्गारेट वे इत्यादि लेखिकांनीं आउटबॅकची कादंबरी जगभर पोंचविली. १९७७ सालीं निघालेल्या कॉलीन मॅकलो ह्यांच्या 'द थॉर्न बर्ड्स' ह्या कादंबरीनें तर मेंढ्यांचें एक कुरण घरोघरच्या वाचकांच्या परिचयाचें करून टाकलें. मुंबई-पुण्याच्या भाड्यानें पुस्तकें देणाऱ्या वाचनालयांतून असल्या कादंबऱ्यांची पारायणें आमच्याही घरांतील मुलींनीं केलेलीं आहेत. तेव्हां हा विषय अगदींच परका आहे असें कोणी समजूं नये.

ह्या कादंबऱ्यांचा सांचा बहुधा एकच असतो. शहरांत वाढलेली एक तरुणी कांहीं निमित्तानें दूरच्या कुरणावर येते. तेथील मालक अबोल, उन्हानें रापलेला व मानी असतो. प्रथम गैरसमज, मग अवर्षण, वणवा किंवा पूर, त्यांत परस्परांच्या गुणांची ओळख, आणि शेवटीं विवाह. नायिका परत शहरांत जात नाहीं. ती त्या तांबड्या मातीची गृहिणी होते. येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. कथेचा शेवट केवळ दोन मनांच्या मीलनांत नसून, उपऱ्या माणसांनीं त्या भूमींत कायमचें घर करण्यांत आहे. विवाह हा येथें वधूवरांचा जितका, तितकाच वसाहतवाले व भूमि ह्यांचाही असतो. आणि ज्यांचे पूर्वज हजारों वर्षें त्याच भूमीवर नांदले, ते आदिवासी ह्या मंगलप्रसंगीं कोठें असतात? बहुधा पडद्याच्या मागें. कोणी माग काढणारा, कोणी गुराखी, कोणी स्वैंपाकघरांतील मुलगी. त्यांच्या सुखदुःखास कथेंत प्रकरण मिळत नाहीं.

कल्पित कथेचा सांचा खऱ्या आयुष्याशीं ताडून पाहण्यास एक उत्तम उदाहरण आहे. १९०२ सालीं मेलबर्नची एक शिक्षिका, जीनी गन, नवविवाहिता म्हणून उत्तर ऑस्ट्रेलियांतील एल्सी नामक गुरांच्या कुरणावर गेली. तिचा नवरा तेथें व्यवस्थापक होता. पुढच्याच वर्षीं, १९०३ च्या मार्चमध्यें, तो आजारानें वारला आणि ही बाई मेलबर्नास परतली. ह्या जेमतेम वर्षभराच्या अनुभवावर तिनें १९०८ सालीं 'वुई ऑफ द नेव्हर-नेव्हर' हें पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि तें त्या देशांत पिढ्यान् पिढ्या वाचलें गेलें. म्हणजे जिच्या पुस्तकानें रानांत घर करण्याचें स्वप्न लोकांच्या मनांत भरविलें, तिचें स्वतःचें घर त्या रानांत टिकलें नव्हतें. त्यापूर्वीं १९०५ सालीं तिनें 'द लिटल ब्लॅक प्रिन्सेस' नांवाचें पुस्तक एल्सीवरील बेट-बेट ह्या आदिवासी बालिकेवर लिहिलें होतें. पुस्तकांतली बेट-बेट कायमची लहानच राहिली. परंतु खरी बेट-बेट, म्हणजे डॉली बॉन्सन, मोठी झाली, तिनें डार्विन शहरांत दुसऱ्याच्या घरीं चाकरी केली, संसार केला, आणि ती १९८८ पर्यंत जगली. राजकन्येचा किताब देणारें पुस्तक आणि मोलकरणीचें काम देणारें जग, हीं एकाच समाजाचीं दोन रूपें होतीं.

त्या समाजाच्या कायद्यानेंही बराच काळ तेंच गृहीत धरलें होतें जें कादंबरीनें धरलें. तें हें कीं, इंग्रज येण्यापूर्वीं ती भूमि कोणाच्याच मालकीची नव्हती. १९९२ सालीं माबो खटल्यांत ऑस्ट्रेलियाच्या वरिष्ठ न्यायालयानें हा सिद्धांत मोडून काढला. पुढें २००० सालीं एल्सीची जमीन तेथील मूळ रहिवाश्यांच्या न्यासाकडे परत आली. न्यायालयास आपला निर्णय फिरवितां येतो. कादंबरीनें एकदां मनांत रुजविलेलें चित्र इतक्या सहजासहजीं फिरत नाहीं.

आतां आपल्या घराकडे वळूं. अरण्यांतील प्रणय हा आमच्या वाङ्मयास नवा नाहीं. दुष्यन्त मृगयेस जातो, आश्रमांत शकुंतला भेटते, आणि राजा राजधानीस परततो. भीम हिडिंबेशीं विवाह करतो, घटोत्कच जन्मतो, आणि पांडव पुढच्या वाटेस लागतात. हिडिंबा अरण्यांतच राहते. मराठी कादंबरीच्या बाल्यावस्थेंत, म्हणजे हळबे ह्यांच्या 'मुक्तामाले'पासून (१८६१) रिसबुडांच्या 'मंजुघोषे'पर्यंत (१८६८) अद्भुतरम्याचाच अंमल चालला. ऑस्ट्रेलियाच्या सांच्याहून आपला सांचा अगदीं उलट आहे, हें चटकन ध्यानांत येईल. तिकडे बाहेरून स्त्री येते आणि राहते. इकडे बाहेरून पुरुष येतो आणि जातो, स्त्री मागें राहते. तिकडची कथा वसाहत करणाऱ्यांची, म्हणून तिचा शेवट घरांत होतो. इकडची कथा राज्य करणाऱ्यांची, म्हणून तिचा शेवट विरहांत होतो.

इंग्रजांनीं १८१८ सालीं खानदेश घेतला तेव्हां त्यांनाही येथें असेंच एक रान सांपडलें. सातपुडा व अजिंठ्याचे डोंगर भिल्लांच्या ताब्यांत होते. १८२५ सालीं जेम्स औट्रम ह्या तरुण अधिकाऱ्यानें धरणगांवीं भिल्लांची पलटण उभारिली. तो त्यांच्यांत राहिला, त्यांच्याबरोबर शिकारीस गेला, आणि इंग्रजी चरित्रकारांच्या हातीं तो रानाचा नायक बनला. त्या चरित्रांतील भिल्ल हे आउटबॅकच्या कादंबरींतील माग काढणाऱ्यांचे सख्खे भाऊ शोभतील इतके एकनिष्ठ आहेत. परंतु १८५८ च्या एप्रिलमध्यें अंबापाणीच्या लढाईंत इंग्रजांशीं झुंजलेले तेही भिल्लच होते, आणि त्यांच्या खाज्या नाईकाचें नांव रम्य कथांत सहसा येत नाहीं.

ह्या खानदेशच्या दक्षिण वेशीवर आमचें पहूर आहे. जळगांवाहून अजिंठ्यास जाणारा रस्ता पहुरावरून वाकोद, फर्दापूर असा लेण्यांकडे जातो. दुसरा रस्ता जामनेराकडून भुसावळास जातो. घाटाच्या वर अजिंठा गांवीं पारो नांवाच्या एका स्त्रीची कबर आहे. भुसावळास मेजर रॉबर्ट गिल ह्या इंग्रज चित्रकाराची कबर आहे. दोन कबरींच्या मधोमध असलेल्या ह्या वाटेनें त्यांची कथा गेलीं दीडशें वर्षें ये-जा करीत आहे.

१८१९ च्या एप्रिलमध्यें मद्रासच्या फौजेंतील जॉन स्मिथ ह्यानें वाघूर नदीच्या दरींत लेणीं पाहिलीं आणि दहाव्या लेण्याच्या खांबावर आपलें नांव कोरलें. पुढें जेम्स फर्ग्युसन ह्यानें त्यांविषयीं लिहिल्यावर कंपनी सरकारास जाग आली, आणि भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठीं १८४४ सालीं मद्रासच्या फौजेंतूनच गिलची नेमणूक झाली. तो अजिंठा गांवांतील बारादरींत राहिला आणि दरींतील ओलसर, अंधाऱ्या, वटवाघळांनीं भरलेल्या गुहांत वर्षानुवर्षें रंगवीत बसला. त्यानें लंडनास पाठविलेलीं मोठालीं तैलचित्रें सिडनहॅमच्या स्फटिकगृहांत मांडलीं होतीं. १८६६ सालच्या आगींत तीं बहुतेक सर्व भस्मसात झालीं. आयुष्याचें काम राख झाल्यावरही त्यानें पुन्हा कुंचला हातीं धरला, हें विशेष. कॅमेऱ्याचा उपयोगही त्यानें लवकर केला, आणि लेण्यांच्या छायाचित्रांचीं त्याचीं पुस्तकें १८६४ सालीं फर्ग्युसनच्या मजकुरासह निघालीं. १८७९ च्या एप्रिलमध्यें तो वारला.

दैवाचा खेळ असा कीं, मुंबईच्या कलाशाळेच्या ग्रिफिथ्स ह्यांनीं विद्यार्थ्यांकडून १८७२ पासून १८८५ पर्यंत ज्या नकला करविल्या, त्यांतील पुष्कळशा १८८५ सालीं लंडनच्याच दुसऱ्या आगींत जळाल्या. मूळ चित्रें दरींत हळूहळू झिजत राहिलीं आणि त्यांच्या नकला सुरक्षित ठिकाणीं जळाल्या!

पारो १८५६ च्या मे महिन्यांत वारली. शिळेवर २३ मे ही तारीख असून तिच्याविषयीं प्रेमाचे शब्द गिलनें इंग्रजींत कोरविले आहेत. ह्या एका दगडाभोंवतीं लोकांनीं कथा रचली. ती भिल्लीण होती असें कोणी सांगतात, कोणी दुसरी जात सांगतात. तिनें त्यास रंग करून दिले, रानाच्या वाटा दाखविल्या, दुखण्यांत सांभाळलें, असेंही सांगतात. ज्याचा मळा अजिंठ्याच्या परिसरांत पळसखेडास होता, त्या ना. धों. महानोरांनीं १९८४ सालीं ह्या विषयावर 'अजिंठा' हें दीर्घकाव्य प्रसिद्ध केलें, आणि त्यावर आधारलेला नितीन चंद्रकांत देसाई ह्यांचा चित्रपट २०१२ सालीं निघाला.

गिलची पत्नी होती, मुलेंबाळें होतीं, ही गोष्ट कथा सांगणारे बहुधा हलक्या आवाजांत सांगतात. आम्ही ती नीतीचा न्यायनिवाडा करण्यासाठीं सांगत नाहीं. ती सांगितल्यावांचून पारोची स्थिति कळत नाहीं, म्हणून सांगतों. एक बाजूस कंपनीचा लष्करी अधिकारी, दुसरे बाजूस निजामाच्या मुलखांतील एक गांवकरी स्त्री. ह्या दोघांमध्यें प्रेम असूं शकतें, आणि त्या शिळेवरून तें होतें असें मानावयास जागा आहे. परंतु प्रेम असलें म्हणजे समता असते असें नाहीं. त्यानें तिच्याविषयीं लिहिलेले शब्द दगडावर राहिले. तिनें त्याच्याविषयीं काय म्हटलें असतें, तें सांगण्यास ना शिळा आहे ना कागद. शकुंतलेच्या कथेंत अंगठी सांपडल्यावर राजास स्मरण होतें. तथापि अंगठीवर नांव राजाचें असतें. पारोच्या शिळेचेंही तसेंच आहे. तींत तिचें नांव आहे, परंतु वाणी त्याची आहे.

येथें दोन्ही सांचे मोडतात, आणि इतिहासाचें खरें महत्त्व येथेंच दिसतें. आउटबॅकच्या कादंबरींत राहावयास आलेली जीनी गन प्रत्यक्षांत वर्षभरांत परतली. आणि आमच्या कथेच्या रिवाजाप्रमाणें जो परत जावयाचा, तो गिल पारोच्या मागें तेवीस वर्षें जगून ह्याच मातींत पडला. दुष्यन्त राजधानीस गेला नाहीं. मनुष्याचें आयुष्य कादंबरीचें ऐकत नाहीं, एवढें जरी विद्यार्थ्यांस ह्यांतून पटलें तरी पुष्कळ झालें.

कोणी म्हणतील, 'अहो, ह्या कथेमुळेंच सामान्य माणूस अजिंठ्याकडे ओढला जातो. मग तिची चिरफाड कशाला?' आक्षेपांत तथ्य आहे. महानोरांचें काव्य वाचून ज्यानें लेण्यांची वाट धरली, त्याचें पुण्य काव्याकडेच जातें, आणि काव्यानें काव्याचें काम करावें ह्याविषयीं आमचें दुमत नाहीं. आमची तक्रार वाचकांच्या आळसाविषयीं आहे. प्रेमकथा हातीं आली म्हणजे आपण तेथेंच थांबतों. गिलनें वर्षानुवर्षें राबून काय रंगविलें, त्यांतलें काय जळालें, काय उरलें, हें विचारीत नाहीं. आणि पारो तर केवळ त्याची प्रेयसी म्हणूनच ठाऊक असते. तिचें गांव, तिच्या शेजारणी, लेण्यांच्या वाटेवर लांकूडफांटा वाहणारीं, गुहांतील झाडलोट करणारीं, दिवट्या धरणारीं माणसें ह्यांची आठवण कोणास होत नाहीं. ज्यांच्यावांचून एकही चित्र उतरलें नसतें, तीं माणसें आउटबॅकच्या माग काढणाऱ्यांप्रमाणेंच पडद्याच्या मागें आहेत.

त्यांना पुढें आणण्याचें काम कादंबरीकाराचें नव्हे. तें आपलें आहे. अजिंठा, फर्दापूर, वाकोद, पहूर ह्या गांवांतील म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीं पारोची कथा कोणकोणत्या रूपांनीं आहे, तीं रूपें गांवोगांवच्या शिक्षकांनीं जशींच्या तशीं उतरून घ्यावीं, त्यांत आपल्या पदरची रसाळता घालूं नये. दोन रूपांत विरोध दिसला तर तो मिटवूं नये. तो विरोधच पुढच्या संशोधकाच्या उपयोगी पडेल. डॉली बॉन्सनच्या देशबांधवांनीं बेट-बेटच्या मागची खरी स्त्री शोधून काढली आणि तिचें चरित्र नोंदविलें. पारोस ओळखणारें कोणी आज हयात नाहीं; परंतु तिच्या गांवानें तिला कसें आठवलें, तें अजून विचारतां येतें. ही आठवणही एका पिढीच्या आयुष्याएवढीच आहे, हें लक्षांत ठेवून तें काम लवकर हातीं घ्यावें.